हिरव्या चुड्याचं माप

सत्काराच्या कार्यक्रमात मला हमखास एक प्रश्न येतो. तुम्ही पोटाच्या कॅन्सरकडेच कशा वळलात? विचारणाऱ्याच्या हातात पुष्पगुच्छ असतो, त्यामुळे उत्तर लहान आणि गोड द्यावं लागतं. 'आईच्या आजारपणातून प्रेरणा मिळाली,' असं मी सांगते. टाळ्या पडतात, शाल मिळते. अशा शालींचा घरात एवढा साठा झाला आहे की सांगलीच्या उन्हाळ्यात त्या कपाटाकडे बघूनच घाम फुटतो. उत्तर खोटं नाही, पण त्यात मूळ गोष्टच येत नाही. मूळ गोष्ट अशी की माझ्या बारावीच्या वर्षी माझ्या आईला दिवस गेल्याची बातमी वडूजच्या आमच्या गल्लीत पसरली, गल्लीने तिचे डोहाळे पुरवले, सातव्या महिन्यात तिला हिरवा चुडा भरला, आणि पोटात बाळ नव्हतंच. हे शाल अंगावर असताना सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आम्ही मणेर, म्हणजे बांगड्या विकणारे आणि बायकांच्या हातात त्या भरणारे. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत संसार, आणि मध्ये एक पडदा, जो दोन्हीकडचं काहीच झाकत नसे. घरात काचेची किणकिण सकाळपासून चालू असायची. ती थांबली की अब्बा जेवायला बसले असं समजायचं. बांगडी फुटली असं आमच्या घरात कधी म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. पुढे शिकायला गेल्यावर रोगाचं नाव न घेता सगळं बोलायची डॉक्टर मंडळींची रीत मला जराही नवी वाटली नाही, ती त्यामुळेच. घरात आम्ही दखनी बोलायचो. पण पिढ्यान्‌पिढ्या त्या गल्लीत काढल्यावर तिच्यात इतकी मराठी मिसळली होती की मुंबईचे पाहुणे आले की आमच्याशी सरळ हिंदी सिनेमातलं बोलायचे. मी इथे गल्लीच्याच बोलीत लिहिते, अम्मा-अब्बांचं खरं बोलणं त्यात जास्त उतरतं.

अब्बांना अख्खा तालुका मणेरमामा म्हणायचा. परक्या बाईचा हात हातात घेणाऱ्या माणसाला मामा केल्याशिवाय गत्यंतरही नव्हतं. धंद्याची एक शिस्त होती: बाईच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. अब्बांनी ती इतकी पाळली की पुसेगावच्या बाजारात एखादी 'मामा, वळखलं का?' म्हणाली तर ते गोंधळून आधी तिचा हात बघायचे आणि मग बरोबर नाव घ्यायचे. अंगठ्याखालचं मांस दाबून, बोटं जवळ घेऊन ते काचेची बांगडी अशी सरकवायचे की बाई बोलतच राहायची. माप ते विचारत नसत. मनगट धरलं की दोन-चार की दोन-सहा ते त्यांना कळायचं आणि ते पडद्याआड मला आवाज द्यायचे. दिवस असलेल्या बाईचा हात सुजतो, तिला एक माप वरचं घ्यायचं, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. भरून झालं की एक बांगडी वरची द्यायची, आणि बाई मामाला वाकून नमस्कार करून जायची.

एवढ्या सगळ्या हातांत एक हात तेवढा त्यांनी कित्येक वर्षांत धरला नव्हता, तो अम्माचा. लग्नात त्यांनीच तिला चुडा भरला होता, दोन-सहा. पुढे मणेराच्या बायकोला कोण बसून बांगड्या भरतंय? विकून उरलेल्या, जोड मोडलेल्या, रंग उतरलेल्या काकणांतली हाताला येतील ती ती स्वतःच चढवायची. एका हातात लाल, एका हातात मोरपंखी, असा तिचा कायमचा थाट. अम्माचं नाव जैनब, गल्लीत जैनबी. ती जोंधळ्याची भाकरी दुकानात ऐकू जाईल इतक्या जोरात थापायची, हुलग्याचं माडगं असं करायची की नको म्हणणारा दुसऱ्यांदा वाटी पुढे करायचा, आणि ईदचा शिरखुर्मा समोरच्या आक्कांकडे आधी पाठवून मग आम्हाला द्यायची. माझ्यानंतर आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. दोनदा आशा लागली आणि दोन्ही वेळा गेली, एवढंच मला माहीत होतं. अब्बा कधी त्याबद्दल बोलले नाहीत. फक्त बाळांच्या काळ्या मण्यांच्या मनगट्या विकताना ते त्या उगाचच फार वेळ पुसत बसायचे.

समोरच्या आक्का म्हणजे सुभेदारांच्या मंडळी. त्यांचे मालक पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले आणि घरात शिपाई झालेले. गल्लीत कुणाला दिवस गेले हे त्या बाईच्या आधी आक्कांना कळायचं. चालण्यावरून, उंबऱ्यावर पाय टाकण्यावरून, भाकरीकडे बघण्यावरून. त्यांचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तेव्हा वडूजला सोनोग्राफी नव्हती, आक्का होत्या. त्या दिवशी अम्मा अंगणात धुणं वाळत घालत होती. आक्का बराच वेळ दारात उभ्या राहून तिला न्याहाळत राहिल्या.

"जैनबी, पाळी चुकून किती म्हैनं झालं गं?"

अम्माने हातातलं लुगडं तसंच धरलं. "आवं आक्का, वय झालं की आता माझं. जात आसंल ती."

"कुनाचं वय? माझ्या सासूला न्‌ मला एकाच साली पाळना हलला. माझ्या पोराचा चुलता पोरापरीस ल्हान हाय, सैन्यात दोघं एकदमच भरती झाली. अन्न जातंय का?"

"दोन घासात पोट भरतंय."

"आन्‌ पोट?"

आक्कांनी पुढे होऊन तिच्या पोटावर पालथा हात ठेवला आणि एखादा हुकूम वाचावा तसं सांगितलं, "पोरगा हाय." अम्माने पदर तोंडावर ओढून घेतला आणि त्याआडून ती हसली. माझ्या आईला असं हसता येतं हे मला सतराव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

मला भयंकर लाज वाटली. त्याबद्दल आता मी माफीबिफी मागणार नाही. वर्गातल्या मुली प्रकाशाच्या परावर्तनाचे नियम पाठ करत असताना जिची आई गरोदर आहे अशा मुलीला लाजच वाटणार. मी कॉलेजला जायची वाट बदलली. अब्बांचं मात्र निराळंच झालं. ते गुणगुणायला लागले. गिऱ्हाइकाशी घासाघीस करणं त्यांनी सोडलं, जे धंद्याच्या दृष्टीने गरोदरपणापेक्षा काळजीचं लक्षण होतं. मनगट्यांचा एक जोड त्यांनी मालातून बाजूला काढून कागदात गुंडाळला आणि कुराणशरीफ ठेवायच्या फळीच्या खालच्या खणात ठेवला. डॉक्टरीणबाईंना दाखवून येऊ, असं ते एकदोनदा म्हणाले. अम्मा म्हणाली, या वयात कुठल्या तोंडानं जाऊ, दिवस भरल्यावर बघू. पोट वाढतंय पण पोर हलत नाही, असं तिने आक्कांना सांगितलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "बापावानी हाय. मनेर तरी कुठं हालतो दुकानातनं?" यावर दोघी इतक्या हसल्या की अम्माला धाप लागली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. दोन घासांत भरणारं पोट, वाढता घेर, बंद झालेली पाळी, थोडक्या कारणाने लागणारी धाप: मी विद्यार्थ्यांना ही लक्षणं फळ्यावर लिहून देते. आक्कांनी त्याच लक्षणांवरून वेगळं निदान केलं. परीक्षेत मुलंही करतात, आणि त्यांना तर आक्कांइतकी मायाही नसते.

मग डोहाळ्यांचा मारा सुरू झाला. दहिवडी रस्त्याला शेत असलेल्या देशमुखीणबाईंनी चिंचेचं सार पाठवलं. शिंप्यांकडून बाजरीचे धपाटे आणि लोणी आलं, गुरवांकडून नैवेद्याच्या सांजोऱ्या, आणि बोळातल्या खालाकडून, म्हणजे मावशीकडून, खिम्याचे समोसे. आक्का रोज काहीतरी झाकून आणायच्या. एकदा तर त्यांनी सुभेदारांना सायकलवरून कैऱ्या शोधायला पाठवलं. पावसाळा संपत आला होता, तरी सुभेदार गेले, कारण हुकूम होता. अम्मा प्रत्येक ताटातलं दोन बोटं चाखायची आणि ताट माझ्याकडे सरकवायची. ताट परत नेणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून सगळं संपवावं लागायचं, आणि संपवायला मीच होते. डोहाळे अम्माचे आणि अंग धरलं मी. मी गोल गरगरीत होत होते आणि तिची मात्र गळ्याची हाडं वर येत होती, पण गल्लीचे डोळे पोटावर होते. लुगड्यात पोट दिसतं, बाकीचं झाकतं.

आक्कांच्या हिशेबाने सातवा लागला. चुडा भरायचं ठरलं. आमच्यातही सातव्याला ओटी भरतात आणि त्यांच्यातही भरतात. गल्लीने दोन्ही एकाच दिवशी उरकायचं ठरवलं. दुपारी पुढच्या खोलीतला माल मागे सारून सतरंजी अंथरली. अम्माला आक्कांनी आणलेलं हिरवं लुगडं नेसवलं. केसात अबोलीचा गजरा माळला. बायकांनी खोली भरली, उरलेल्या ओट्यावर बसल्या. चुडा भरायला मणेर पाहिजे, आणि गल्लीत मणेर एकच. बायकांनी अब्बांना हाका मारमारून आत आणलं. ते अम्मासमोर उकिडवे बसले आणि मान वर करीनात. "मामा, आज तोंडाकडं बगितलं तरी चालतंय," असं कुणीतरी म्हणालं आणि अख्खी खोली खिदळली.

मी डब्यांपाशी बसले होते. अब्बा न धरताच म्हणाले, "दोन-आठ दे." लग्नातलं दोन-सहा, दिवस आहेत म्हणून एक वरचं. त्यांनी अम्माचा हात हातात घेतला आणि पहिली हिरवी बांगडी दाबायला बोटं जुळवली, तोच ती कोपरापर्यंत घसरत गेली. दाबावंही लागलं नाही. त्यांनी ती काढली. "दोन-सहा." तीही तशीच गेली, हात खाली केल्यावर परत येऊन सतरंजीवर पडली. बायका हसल्या. अब्बांनी दोन-चार मागितलं. अम्माच्या मनगटावर दोन-चारही सैलच फिरलं. आता अब्बांनी तिचं मनगट बोटांच्या कडीत धरलं आणि ते थांबले. माझ्या जागेवरून मला त्यांची पाठ आणि अम्माचं तोंड दिसत होतं. अम्मा त्यांच्याकडेच बघत होती. शेवटी त्यांनी मागे न वळता सांगितलं, "दोन-दोन दे." ते शाळकरी पोरींचं माप. ते बसलं.

"हल्ली माल खराब येतोय," अब्बा बायकांना म्हणाले. "साच्यात फरक पडतोय. मापं मोठी पडत्यात." बायकांना ते पटलं. आक्कांनाही पटलं. अब्बांनी दोन्ही हात भरले, वरची एक बांगडी दिली, आणि रीत म्हणून अम्मा नमस्काराला वाकू लागली. तेव्हा त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरून तिला वाकू दिलं नाही. यावर पुन्हा हशा झाला. गुळाचा शिरा वाटला गेला, गाणी झाली. नाव घे म्हणून आग्रह झाला तेव्हा अम्माने घेतलंसुद्धा.

दिवेलागणीला बायका पांगल्या. अब्बा सांडलेल्या बांगड्या मापाप्रमाणे दोरीत ओवत होते. अम्मा भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर.

"माल खराब न्हाई," ती म्हणाली.

"खराबच हाय. मी सांगतो की."

"तुमचं माप कवा चुकलंय?"

"चुकतं की. मानूस हाय मी."

"न्हाई चुकत. माझंच कसं चुकंल मग?" अब्बांनी ओवलेल्या दोरीला गाठ मारली. मग ती म्हणाली, "सांगलीला कवा जाताय माल आनाया?"

"सोमवारी."

"मी बी येते."

सातारा जवळ पडलं असतं. पण साताऱ्यात अब्बांच्या ओळखीचं कुणी नव्हतं आणि सांगलीला त्यांचे बांगड्यांचे घाऊक व्यापारी होते. मोठमोठे लोक देशी-परदेशी सल्ला घेतात, आम्ही बांगड्यांच्या पेढीवर घेतला. पेढीवरच्या शेठजींनी एका म्हाताऱ्या सर्जनचं नाव सांगितलं. तेव्हा ते निव्वळ शेठजींच्या शेजारी राहतात म्हणून सांगितलं, आणि ते उत्तम निघालं. मायणी, विटा, तासगाव असा एसटीचा रस्ता, मीही बरोबर होते. प्रत्येक स्टँडवर कुणीतरी उठून अम्माला खिडकीची जागा द्यायचं. 'पोटुशी हाय, बसू द्या,' असं म्हणायचं. तीही 'बरं हाय' म्हणून बसायची. त्या प्रवासात तिने बाळाची म्हणून मिळालेली एकही जागा नाकारली नाही.

सर्जननी पोटावर एका बाजूला तळवा ठेवला आणि दुसऱ्या बाजूला बोटाने टिचकी मारली. मी बाकावरून बघत होते. टिचकी इकडे आणि लाट तिकडे. मग ते अब्बांना घेऊन बाहेर गेले. पेशंटला सोडून पेशंटच्या मालकाला सांगायचं, ही पद्धत. माझ्याही आयुष्यातली कितीतरी वर्षं ती मोडण्यात गेली आणि अजून ती पुरती मोडलेली नाही. सुई घालून पोटातलं पाणी बरणीत काढलं तसं अम्माचं पोट खाली बसत गेलं. ती मान वळवून बरणीकडे बघत राहिली. अब्बा आत आले तेव्हा त्यांनी तोंडावर काहीतरी चांगलं आणायचा प्रयत्न केला होता.

"पानी झालंय पोटात," ते म्हणाले.

"आन्‌ त्यात?"

"गाठ हाय एक. काडत्यात."

"त्यात कोन न्हाई?"

अब्बांनी मान हलवली. "कोन न्हाई."

अम्मा रडली. गाठीसाठी नाही, रोगासाठी नाही, ते तिला अजून नीट कळलंही नव्हतं. जो नव्हताच त्याच्यासाठी ती रडली, आणि अब्बा पलंगाच्या कडेला बसून तिच्याबरोबर रडले. मीही रडले. इतके महिने ज्याची लाज वाटत होती तो नाही म्हटल्यावर मला माझा भाऊ गेल्यासारखं झालं. माणसं कशाचं दुःख आधी करतात ते डॉक्टरांना कधीच बरोबर सांगता येत नाही. मला अजूनही येत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, बांगड्या काढाव्या लागतील. खेड्यातल्या बायका यावरून किती रडतात हे त्यांना ठाऊक असणार, कारण त्यांनी साबणाचं पाणी आणि एक लहानशी कातर दोन्ही बरोबर आणली होती. अब्बा म्हणाले, "ताई, मी काडतो. माझाच धंदा हाय." साबण लागला नाही. दोन-दोनची काकणंही आता सहज उतरली. त्यांनी ती एकेक करून काढली, एकही वाढू दिली नाही, आणि रुमालात बांधून खिशात ठेवली. पुढे दिवसभर ते बाहेरच्या बाकावर बसून होते आणि कुणी शेजारून गेलं की खिसा हाताने धरत होते. मला त्यांच्या खिशातला किणकिणाट अजून ऐकू येतो.

सर्जन बाहेर आले ते घामाने भिजलेले. गाठ काढली, आतड्यांवरचा चरबीचा पदर काढला, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "पोटाच्या अस्तरावर सगळीकडे बारीक दाणे आहेत. साबुदाण्याएवढे. ते राहिले. ते काढायचं आपल्याकडे काही नाही." ते हात पुसत पुढे निघाले. मी, भौतिकशास्त्रात कशीबशी पास होणारी मुलगी, त्यांच्या मागे जाऊन विचारलं की एकेक करून का नाही काढत. ते चिडले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू काढ मोठी झाल्यावर." थकलेल्या माणसाने पोरीला वाटेतून बाजूला करायला म्हटलेलं वाक्य होतं ते. मी ते आदेशासारखं घेतलं. आज माझी ऑपरेशनं दिवस-दिवसभर चालतात. अस्तरावरचे दाणे एकेक करून खरवडायचे, मग त्या पोटात औषधाचं गरम पाणी खेळवायचं. याला मोठं इंग्रजी नाव आहे आणि त्याच्या परिषदा विमानाने जाण्याच्या गावी भरतात. मुळात ते निवडणं आहे, सुपात धान्य निवडतात तेवढंच. अर्थात सुपातला एखादा खडा राहिला तर दात दुखतो, इथे माणूस जातो.

चौथ्या-पाचव्या दिवशी अब्बांनी रुमाल सोडला. सलाइनने अम्माचे हात चांगले सुजले होते. दोन-दोन चढेना, दोन-चारही चढेना. ते धावत पेढीवर गेले, दोन-सहा घेऊन आले आणि अंगठ्याखालचं मांस दाबून, पूर्वीसारखी मेहनत करून त्यांनी त्या भरल्या. "बगा, माप आलं जाग्यावर," असं त्यांनी वॉर्डातल्या प्रत्येकाला सांगितलं. ती सूज चांगली नव्हती, हे मला आज माहीत आहे. पण त्या दिवशी त्यांच्याइतका आनंदी माणूस अख्ख्या दवाखान्यात नव्हता.

अम्मा त्यानंतर काही वर्षं जगली, फार नाही. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला खोटी आशा लागायला नको. मला मेडिकलला प्रवेश मिळालेला तिने पाहिला, हातात सुरी आलेली पाहिली नाही. त्या मागे राहिलेल्या दाण्यांनी आपलं काम केलं. मनगट्यांचा तो जोड अब्बांनी खणातून काढून पुन्हा मालात मिसळला आणि पुढच्या जत्रेत विकला. कुणाच्या तरी बाळाच्या हातात गेला तर बरं, एवढंच म्हणाले.

पण हे सगळं पुढचं. आम्ही सांगलीहून वडूजला परतलो तेव्हा गल्ली गप्प होती. देशमुखीणबाई येऊन गेल्या, शिंप्यांची सून येऊन गेली. आक्का आल्या नाहीत. समोरचं दार दिवसभर लोटलेलं राहायचं. सुभेदार घरच्या म्हशीचं दूध घालून जाताना खाली बघून म्हणाले, "अन्न सोडलंय तिनं. माज्या तोंडानं जैनबीचं वाटुळं झालं म्हनत्या." अम्माला समोर जायचं होतं, पण अंगात बळ नव्हतं, मोरीपर्यंत जायला माझा खांदा लागायचा. महिनाभराने, एका सकाळी, तिने माझ्याकडे धान्य पाखडायचं सूप मागितलं. गहू आणि हरभरे घेऊन ती उन्हात निवडत बसली. मग भिजत घातले, दुसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यात शिजवले, गूळ-खोबरं घातलं. त्या घुगऱ्या होत्या. आमच्या गल्लीत त्या एकाच कारणासाठी शिजायच्या: बाळाचं बारसं झालं की ज्यांनी ज्यांनी डोहाळे पुरवले त्या प्रत्येक घरी घुगऱ्या जायच्या.

अब्बा पातेल्याकडे बघत उभे राहिले. "कशापायी करतीस हे?"

"खाल्लंय मी सगळ्यांचं."

"शकूनं खाल्लंय," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. हे खरं होतं. पण अम्मा उठली होती.

आम्ही एकेका घरी गेलो. मी पातेलं धरायचे, ती वाटीने घालायची. बायका घुगऱ्यांकडे बघायच्या, तिच्याकडे बघायच्या आणि काही न विचारता पदरात घ्यायच्या. आक्कांचं घर तिने शेवटी ठेवलं होतं. दार ढकललं. आक्का चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, चूल थंड होती.

"आक्का, घुगऱ्या आनल्यात."

आक्कांनी वळून पातेल्यात बघितलं आणि त्यांचा चेहरा पार मोडला. "कुनाच्या गं जैनबी? पोर न्हाई, बाळ न्हाई, घुगऱ्या कुनाच्या वाटतीस?"

"माझ्या," अम्मा म्हणाली. "मी आले न्हवं परत? पोट फाडून आले. माझंच बारसं म्हना. तुमी म्हैनंच्या म्हैनं खायाला घातलं, म्हनून टिकले. आता खावा, न्हाईतर मी बी खात न्हाई."

दोघी चुलीपाशी बसल्या. आक्का रडत होत्या आणि घुगऱ्या खात होत्या, दोन्ही एकदम. गल्लीत जन्मलेल्या पोरांना आम्ही दोन्हीकडचं द्यायचो. आमच्यातला कुणीतरी मोठा माणूस बाळाच्या कानात अजान द्यायचा आणि मग आक्का त्याच्या कानात कुर्र करून नाव सांगायच्या. माझ्याही कानात त्यांनीच सांगितलं होतं. वाटी रिकामी झाल्यावर आक्कांनी नाक पुसलं, सरकून अम्माजवळ आल्या, तिचा पदर मागे सारला आणि कानाशी तोंड नेलं. "कुर्र," त्या म्हणाल्या. पहिलं नीट उमटलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाल्या. "कुर्र. जैनबी." अम्मा हसली, तशीच, पदराआडून.

माझं ऑपरेशन संपतं तेव्हा सगळे थकलेले असतात. भूल उतरायला लागली की भूलतज्ज्ञ पेशंटला मोठमोठ्याने हाका मारतात. मी मास्क खाली करते, त्या बाईच्या कानाशी वाकते, आधी हळूच कुर्र करते आणि मग तिचं नाव घेते. थिएटरमधल्यांना वाटतं मॅडम घसा साफ करतायत. बहुतेक जणी डोळे उघडतात.